घाटकोपरला लागलेलं दही

मुंबईला जाऊन आल्यावर त्याबद्दल लिहायची पद्धत आमच्या सावंतवाडीत नाही. निम्मी सावंतवाडी तिकडेच नोकरीला आहे आणि उरलेली निम्मी गणपतीला तिची वाट बघत असते. पण मी जी मुंबई बघून आले ती राणीची बाग आणि चौपाटीवाली नव्हे. मी आठवडाभर बाळांच्या पोटातल्या जंतूंच्या मागे हिंडले. मुलुंड, अंधेरी, घाटकोपर, बोरिवली असा तो दौरा झाला. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय काय बघितलंस?" मी म्हटलं, "दही." ते कोणालाच पटलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बोलावणं आलं ते शाल्मलीचं. शाल्मली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, नलूची मुलगी. ती डॉक्टर आहे, पण दवाखाना थाटून बसणारी नव्हे, संशोधन करणारी. तिच्या आईच्या मते हे म्हणजे लग्नाच्या जेवणात फक्त पानं मांडण्यासारखं आहे. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शाल्मली फोनवर म्हणाली, "मावशी, आयुष्यभर फळ्यावर जंतू काढलेस. एकदा खरे बघायला ये ना!" मी पिशवी भरली.

मुलुंड

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाणी देतात आणि मग प्रवास कसा झाला ते विचारतात. नलूने दार उघडलं आणि विचारलं, "ताई, पोट कसं आहे?"

मी म्हटलं, "आहे जागेवर."

तिने मला एका बारीक पेल्यात तपकिरी, आंबूस, फसफसणारं काहीतरी दिलं. त्याला कोंबुचा म्हणतात. हा चहाच असतो, फक्त तो पिण्याऐवजी आठवडाभर बरणीत कुजवत ठेवतात. बरणीत वरच्या बाजूला एक जाड, चिकट गोळा तरंगत असतो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला बेडूक होता, त्याची मला फार आठवण झाली. नलूच्या सोसायटीत अशी बरणी प्रत्येक ओट्यावर आहे. गोळा वाढला की तो कापून शेजारणीला देतात, आणि देताना जावईबापूंना आहेर करावा तसा चेहरा करतात.

फ्रीज उघडला तर त्यात भाजीला जागा नव्हती. केफिर म्हणजे आंबवलेलं दूध, किमची म्हणजे आंबवलेला कोबी, बीटाची कांजी, जंतूंच्या कॅप्सुलची डबी, आणि एका कप्प्यात तारीख छापलेले दह्याचे इवलेसे कप.

"घरचं दही?" मी विचारलं.

"ताई, घरच्या दह्यात कुठले जंतू आहेत ते लिहिलेलं असतं का कुठे?"

मला रात्री दहीभात लागतो. विरजण मिळालं तर मीच लावते म्हटलं, तर नलूने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. सात मजल्यांच्या त्या इमारतीत विरजण कोणाकडेही निघालं नाही. एकीने दह्याचे कप घरपोच देणाऱ्या दुकानाचा पत्ता पाठवला, दुसरीने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. ते कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

जेवताना शाल्मलीने आईला आठवण करून दिली, की फ्लूची लस घ्यायची राहिलीय.

"मला काय गरज? माझं गट स्ट्राँग आहे," नलू म्हणाली. गट म्हणजे आतडं. मुलुंडमध्ये आतडं फक्त दवाखान्यात असतं, घरी सगळ्यांना गट असतं. "लसबिस ज्यांची पोटं बिघडलेली त्यांच्यासाठी."

लसीवर संशोधन करणारी तिची मुलगी समोर बसून मुकाट्याने पोळी खात होती. संशोधनाला असा संयम लागतो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. कोंबुचाची झाकण घट्ट लावलेली एक बाटली फुटली होती आणि छतापासून पोळपाटापर्यंत सगळं तपकिरी झालं होतं. मी फडकं शोधायला धावले. नलू मात्र छताकडे कौतुकाने बघत म्हणाली, "बघ ताई, किती लाइव्ह आहे!" संध्याकाळी वारा फिरला, कांजूरच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वास आला आणि सोसायटीने खिडक्या लावून घेतल्या. मग नलू बराच वेळ केफिरच्या बरणीला नाक लावून हा वास नक्की घरातला की बाहेरचा ते ठरवत बसली.

अंधेरी

शाल्मलीची संस्था अंधेरीला, एका काचेच्या इमारतीत आहे. घाटकोपरहून मेट्रोने जायचं होतं. माझ्या हातात शाल्मलीने बर्फाचा एक निळा डबा दिला आणि "सरळ धर हं मावशी," असं बजावलं. मेट्रोच्या दारात सामान तपासणाऱ्या शिपाईबाईंनी तो अडवला.

"इसमें क्या है?"

"सँपल है," शाल्मली म्हणाली.

"किसका सँपल?"

"बच्चों का."

बाईंच्या भुवया वर गेल्या. मागे रांग वाढायला लागली. शाल्मली हलक्या आवाजात काही सांगायला गेली, ते त्यांना ऐकू येईना. शेवटी मीच शाळेतला आवाज काढून सांगितलं, "बाळांची शी आहे." बाईंनी डबा माझ्या हातात असा परत दिला की त्यात बॉम्ब असता तर त्यांना कमी वाईट वाटलं असतं. गाडीत आम्हाला बसायला ऐसपैस जागा मिळाली.

शी कशासाठी, तर त्याची गोष्ट अशी. रोटाव्हायरस नावाचा एक विषाणू आहे. तान्ह्या बाळांना त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि वेळेवर उपाय झाला नाही तर बाळ जातं. त्यावर तोंडातून द्यायची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लस चांगली आहे, पुष्कळ बाळं वाचवते. पण दाटीच्या, गरीब वस्त्यांमध्ये तिचा जोर जरा कमी पडतो, आणि तो का, हे शास्त्रज्ञांना नीट उमगलेलं नाही. त्यात आतड्यातल्या जंतूंचा काही हात असावा असा एक अंदाज आहे. म्हणून संस्थेने देशातल्या काही केंद्रांवर प्रयोग मांडला होता, त्यातलं घाटकोपरचं केंद्र शाल्मलीकडे. लसीच्या आगेमागे काही आठवडे बाळाला रोज एक पुडी उपयुक्त जंतूंची द्यायची, आईच्या चमचाभर दुधात कालवून, आणि मग रक्त तपासून लसीचा जोर वाढला का ते बघायचं. निम्म्या बाळांना जंतूंची पुडी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. वरून दोन्ही सारख्याच. कोणाच्या वाट्याला कुठली आली हे आईला ठाऊक नाही, शाल्मलीला नाही, तिच्या साहेबांनाही नाही. ते दुसऱ्या शहरातल्या एका संगणकाला तेवढं ठाऊक. हे आंधळेपण त्या प्रयोगाचा प्राण. एकदा कळलं की कोणाला काय मिळालं, की माणसं आपल्या मनासारखं बघायला लागतात. मुलांना मी हेच शिकवत आले, निकाल हवा असेल तर आधी स्वतःचे डोळे बांधा.

त्या साहेबांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांच्या दालनात जाण्याआधी मला पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. आमच्याकडे देवळात चपला काढतात, इथे चपलांना कपडे घालतात. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याच्या जंतूंचं भलंमोठं चित्र होतं. खोलीत इतकी थंडी होती की त्या चित्रातल्याशिवाय कोणी हसत नव्हतं.

"तुमची भाची म्हणजे आमची स्टार," मोठे सर म्हणाले. "घाटकोपरच्या आयांकडून एकही पुडी न वापरता परत आलेली नाही. सगळ्या रिकाम्या! देशभरात अशी शिस्त कुठल्याही केंद्रावर नाही. तीन दिवसांनी बोरिवलीला सगळ्या केंद्रांची बैठक आहे, तिथे तिचा सत्कार. मग पुढच्या आठवड्यात तिला कायम करायचा कागदही माझ्याकडून सही होऊन जाईल."

शाल्मली वर्षावर्षाच्या करारावर होती. कायम होणं म्हणजे काय हे तिच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून मला कळलं.

"आणि बाळांच्या शीमध्ये ते जंतू सापडले का?" मी विचारलं.

"नमुने अजून फ्रीझरमध्ये आहेत. तपासायचं सामान यायचंय," सर म्हणाले. ज्या डब्यासाठी मी मेट्रोत वाळीत पडले तो सुद्धा त्याच फ्रीझरमध्ये रांगेत जाऊन बसला.

घाटकोपर

घाटकोपरला टेकडी आहे आणि टेकडीवर वस्ती आहे. खालच्या लोकांना ती चढताना धाप लागते, वरच्यांना नाही. एका वळणावर आरोग्य खात्याने भिंत रंगवली आहे: सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. मी तिथे दम खाल्ला आणि तेवढ्यात ते दोनदा वाचून काढलं.

शाल्मली शेजारच्या घरात बाळांची वजनं करायला बसली आणि मला तिने परबकाकींकडे सोपवलं. काकी देवगडकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग तोही गेला. मुलगा घरोघरी पार्सलं पोचवतो. सून सायली, आणि सायलीचं बाळ बाबू, चार महिन्यांचा, प्रयोगातला एक. मी सावंतवाडीची म्हटल्यावर काकींनी मालवणी सुरू केलं आणि समोर दहीपोह्यांची वाटी ठेवली. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्या पोटाची चौकशी न करता ते भरलं.

दही सुरेख होतं. घट्ट, कवडी पडलेलं. मला नलूचा तारीख छापलेला कप आठवला. मी म्हटलं, "काकी, जाताना थोडं विरजण देता का? माझ्या बहिणीच्या अख्ख्या इमारतीत मिळालं नाही."

"घेवन जा गो, व्हया तितक्या," काकी म्हणाल्या. "तुमच्याच पुडयेचा आसा."

"कसल्या पुडीचं?"

"तुमच्या चेडवाच्या. ती जंतवाची पुडी देता नाय? तीच सांगी होती, दह्यात असतत तेच जंतू. मगे दुधात घालून बघितलंय. काय झकास लागला!"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे आमची शाल्मली. माझा चमचा वाटीतच राहिला. मी विचारलं, "आणि बाबूला?"

काकींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की शिकलेल्या बाईला एवढंही सांगावं लागतं का. "बाबूक कित्याक देतलंय? भित्तीर लिवला हा मा, आवशीच्या दुधाशिवाय कायएक देव नको म्हणान."

"मग नको म्हणायचंत ना त्यांना!"

"असा कसा म्हणतलंय? उन्हातना चढान येता बिचारा चेडू. फुडे पुडी धरता. तेका नाय म्हणाचा?" काकींना ही कल्पनाच असभ्य वाटली. "आणि औषध टाकूक पण जीव होवक नाय."

माझ्या डोक्यात हळूहळू सगळं लागायला लागलं. भिंतीने सांगितलं बाळाला काही देऊ नका, ते त्यांनी पाळलं. संस्थेने सांगितलं रिकाम्या पुड्या परत करा, तेही पाळलं. दोन्ही सरकारी-निमसरकारी आज्ञा इतक्या चोख पाळणारी माणसं मी दुसरीकडे बघितली नाहीत. अंधेरीला ज्या शिस्तीची आरती चालली होती ती ही शिस्त.

मी अजून एक विचारलं, विचारायला नको होतं तरी. "सगळ्यांचंच लागतं का हो दही?"

"नाय गो! सायलीचा लागता, वरच्या सावंतीणीचा लागता. मोंडकारणीचा दूध तसाच ऱ्हवता. तेका पिठाची पुडी मिळता, गरिबाक. मगे मीच तेका वाटीभर विरजाण धाडतंय."

संपला, प्रयोग संपला. बाळांच्या पोटात जंतू गेले नव्हते, आंधळेपण गेलं होतं, आणि कोणाची पुडी खरी आणि कोणाची खोटी हे दुसऱ्या शहरातल्या संगणकाइतकंच नीट या टेकडीवरच्या प्रत्येक ओट्याला ठाऊक होतं. वर शेजारधर्म म्हणून त्यांनी दोन्ही गटांचं दही एक केलं होतं.

शाल्मली घाम पुसत दारात आली. "काय मावशी, जमली का गट्टी?"

मी सांगितलं नाही. काकींनाच म्हटलं, "काकी, हिला दही द्या, आणि कसं लावलं तेही सांगा." काकींनी दोन्ही केलं, अगदी आनंदाने. शाल्मली उंबऱ्यावरच बसली. वाटी तिच्या हातात होती आणि ती त्या दह्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, वाट लागली यार." मग तिने दही खाल्लं. काकी समोर उभ्या होत्या, तिला नाही कसं म्हणणार?

पुन्हा मुलुंड, पुन्हा अंधेरी

घरी गेल्यावर नलूला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "परमनंट झाल्यावर सांग ना मग. सायन्स काय पळून जातंय?"

"आई, उद्या निकाल लागेल की पुडीचा काही उपयोग नाही. किंवा आहे. दोन्ही खोटं. त्यावर पुढे सरकार ठरवणार बाळांना काय द्यायचं ते."

"सरकार काय तुझ्या पुडीवर चालतंय?"

"अगं, पण बाळांनी पुडी खाल्लीच नाहीये!"

"ते तुला माहीत. तू कुठे बघितलंस? तुझ्यापुढे दही आलं, बस्स."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर माझी दोन मनं झाली होती. तिने सांगावं असं मला वाटत होतं, आणि सांगून तिची नोकरी जाऊ नये असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकत्र होतील असं मानण्याइतकी मी भोळी नाही, शाळेत मीही मुख्याध्यापक बघितलेत. म्हणून मी भांडी घासायला घेतली. नलू म्हणाली, बाई येते ना सकाळी. तरी मी घासली.

दुसऱ्या दिवशी शाल्मली मोठ्या सरांकडे गेली. मी बाहेर पायांत पिशव्या घालून बसले. दार नीट लागलेलं नव्हतं.

"दही हा आहाराचा विषय आहे," सर समजुतीने सांगत होते. "आपला प्रयोग औषधाचा. आपण कशाला त्यात शिरायचं?"

"सर, औषधाचंच दही झालंय."

"हे तुला कोणी सांगितलं? एक आजी. आजी काय, काहीही सांगतात. लेखी आहे काही?"

"मी खाल्लंय सर."

आत खुर्ची सरकली. मग सरांचा आवाज आणखी मऊ झाला. "शाल्मली, मीसुद्धा पंचविशीत असाच होतो. हे बघ, बोरिवली होऊन जाऊ दे. सत्कार घे, फोटो काढू, कागदावर सही होऊ दे. मग निवांतपणे एक छोटी समिती नेमू. दह्यावर."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. मी विचारलं नाही. मेट्रोत तिनेच विचारलं, "तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

बोरिवली

बोरिवलीला जंगल आहे आणि जंगलातून कधीकधी बिबट्या रस्त्यावर येतो असं ऐकून होते. आम्हाला बिबट्या दिसला नाही, बैठकीचं हॉटेल दिसलं. बाहेर फलकावर बाळाचं चित्र होतं, गोरं गोमटं, निळ्या डोळ्यांचं. घाटकोपरच्या टेकडीवर ते मला कुठे दिसलं नव्हतं.

जेवण म्हणे जंतुपूरक होतं. आंबील इवल्याशा काचेच्या पेल्यात, वर पुदिन्याचं पान टोचलेलं. ढोकळा होता, इडली होती, आणि दोन्हींपुढे त्यांच्यात कुठले जंतू असतात त्याच्या पाट्या. आमच्याकडे आंबील मातीच्या भांड्यातून मोठ्या पेल्यात ओततात आणि प्यायलेल्या माणसाला झोप लागते. इथे लोक एक घोट घेत, डोळे मिटत आणि "आथेंटिक" असं म्हणत. मी चार पेले प्यायले, तेव्हा कुठे जिभेला कळलं.

दुपारी सत्कार झाला. विज्ञान कितीही पुढे गेलं तरी शाल आणि श्रीफळ काही सुटत नाही. मोठ्या सरांनी शाल्मलीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोवाल्याने "मॅडम, इकडे" म्हटलं. घाटकोपरच्या मातांची शिस्त, सेवाभाव, वगैरे बोलून झालं. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मागच्या रांगेत होते. 

"सगळ्या पुड्या रिकाम्या आल्या हे खरं आहे," शाल्मली म्हणाली. नारळ तिने दोन्ही हातांत धरला होता. "पण त्या बाळांना दिलेल्या नाहीत. त्यांचं दही लावलंय. कोणाचं दही लागतं आणि कोणाचं नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. घाटकोपरचे आकडे कृपया धरू नका. आणि बाकीच्या केंद्रांनीही घरोघर जाऊन एकदा विचारा. मी आधी विचारायला हवं होतं."

 मोठ्या सरांनी पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली. मला वाटलं, आता भूकंप होणार. मग पहिल्या रांगेतले एक वयस्क शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "दूध म्हशीचं होतं की पिशवीचं?"

"पिशवीचं, सर."

"आश्चर्य आहे! ही जात पिशवीच्या दुधात एवढी घट्ट लागते?"

आणि बघता बघता सगळी खोली पेटली. कोणी म्हणालं, कोमट दुधात लागेल, कोणी म्हणालं, आमच्या आईने हिरव्या मिरचीच्या देठावर दही लावलं होतं. एका बाईंनी चांदीच्या वाटीचा प्रश्न काढला. अर्धा तास देशातली मोठमोठी डोकी दह्यावर तावातावाने बोलली. बाळांचं नाव कोणी घेतलं नाही. शाल्मली व्यासपीठावर शाल पांघरून तशीच उभी होती, तिला खाली उतर असंही कोणी सांगितलं नाही.

चहानंतर समिती बसली आणि निर्णय झाला. घाटकोपर केंद्र बंद. आणि पुढच्या प्रयोगासाठी नवा नियम: ज्या घरात दही लावलं जातं ते घर घ्यायचं नाही. महाराष्ट्रात असं घर शोधायचं कुठे, या प्रश्नावर समिती जरा घुटमळली, तेव्हा मी मागून हात वर करून मुलुंडच्या एका सोसायटीचा पत्ता देऊ का असं विचारणार होते. पण मी निमंत्रित नव्हते.

मोठे सर जाताना शाल्मलीजवळ थांबले. "कराराची मुदत संपतेच आहे महिनाअखेर," ते म्हणाले, अगदी प्रेमाने. "तू खूप प्रामाणिक आहेस. तुला कुठेही मिळेल." नारळ त्यांनी परत मागितला नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

रिक्षात ती रडली नाही. मला तिचा फार अभिमान वाटत होता, आणि मी तो बोलून दाखवायला हवा होता. पण त्या वेळी मी फक्त तिची शाल नीट घडी करून मांडीवर घेतली.

शेवटचा दिवस, टेकडीवर

केंद्र बंद झालं हे घरोघर जाऊन सांगणं हे तिचं शेवटचं काम होतं. मी तिच्याबरोबर गेले. परबकाकींच्या दारात बायका जमल्या, कडेवर बाळं. शाल्मलीने उभ्याने सांगितलं, की उद्यापासून पुड्या यायच्या नाहीत. बाळांना लसीचे सगळे डोस मिळाले आहेत, त्यात काही कमीजास्त झालेलं नाही, काळजी करू नका. चूक तुमची नाही, आम्ही नीट विचारलं नाही.

 पुड्यांचं दुःख कोणाला असेल असं दिसलं नाही. विरजण तर आता घरोघरी होतंच.

सायलीने बाबूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हणजे मॅडम, तुम्ही पण येणार नाही?"

"नाही गं."

"मग याला रात्रीबेरात्री काय झालं तर कोणाला विचारायचं?"

शाल्मलीचा फोन संस्थेचा होता, तो आता परत जाणार होता, म्हणून तिने संस्थेचं छापील कार्ड पुढे केलं. त्यावर मदतीचा नंबर होता, चोवीस तासांचा. सायलीने तो तिथल्या तिथे लावून फोनचा आवाज मोठा केला. आधी इंग्रजीत एक बाई बोलली, मग हिंदीत, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं काहीतरी. मग सनई लागली. आम्ही सगळ्या त्या चिंचोळ्या गल्लीत उभ्या राहून सनई ऐकत होतो. बाबूने मान वळवून आवाज कुठून येतो ते बघितलं. सनई संपली आणि फोन बंद पडला.

"असाच होता नेहमी," काकी म्हणाल्या.

शाल्मली खाली बघत म्हणाली, "काकी, तुम्हाला नकोच होत्या ना पुड्या. मग बाळांचं रक्त का काढू दिलंत? दर महिन्याला? रडायची ती."

"गो बाय," काकी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "हेच्या आदी सायलीचा एक गेला. जुलाबान. आठ म्हयन्याचो होतो. सगळ्या नंबरार फोन केलव. रातभर. कोणी उचलूक नाय. मगे तू इलंस, आणि तू उचलतंस."

ज्या जुलाबावरच्या लसीचा जोर वाढवायला हे सगळं चाललं होतं तो जुलाब या घरात येऊन गेला होता, हे इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. आमच्या कुठल्याच प्रश्नात ते बसलं नसतं.

शाल्मली तिथेच पायरीवर बसली आणि रडली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडून. सायलीने बाबूला तिच्या मांडीवर दिलं, कारण देण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच होतं.